समजावून सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचा मान

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथून रात्री-पहाटे प्रचंड फुगे सोडले जातात. पातळ पॉलिथीनचा, हायड्रोजन भरलेला असा फुगा वर जाऊन पुरता फुगला की त्याचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. हे फुगे तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत चढतात. खाली टांगलेल्या पेट्यांत उपकरणं असतात. काम संपलं की पेट्या फुग्यापासून सुटतात आणि रंगीत पॅराशूटने खाली येतात. कुठे यायचं ते वारा ठरवतो. विशाखापट्टणम, हैदराबाद आणि सोलापूर यांना जोडणारी रेषा काढली तर पेट्या उतरतात त्या रेषेच्या उत्तरेला. म्हणून मोसमापूर्वी जी जाहीर सूचना निघते, तिच्यातल्या महाराष्ट्राच्या यादीत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, बीड हे जिल्हे असतात.

हरभऱ्याच्या रानात सकाळी अशी पेटी दिसली की काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. तासाभरात गाव गोळा होतं, मोबाइलवर चित्रफिती फिरू लागतात. कुणी उपग्रह पडला म्हणतं, कुणी हेरगिरीचं यंत्र म्हणतं, कुणी बॉम्ब. पेटीवर सूचना लिहिलेली असते: हात लावू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, पेटी उघडली तर मोलाची माहिती वाया जाईल, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, कळवणाऱ्याला खर्च आणि बक्षीस मिळेल. पण ती सूचना धोका सांगते. हे कशासाठी वर गेलं होतं आणि तिथे त्याने काय पाहिलं, हे सांगायला माणूस लागतो. तालुक्याच्या कॉलेजातला भौतिकशास्त्राचा एखादा प्राध्यापक किंवा हायस्कूलचे विज्ञानाचे सर तिथे पोहोचले आणि त्यांनी पाच मिनिटं बोलून सगळं उलगडलं, तर गावाची भीती जाते आणि पोरांच्या डोक्यात प्रश्न सुरू होतात. त्या पाच मिनिटांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

याच फुग्यांच्या मदतीने ग्रहविज्ञानातला एक मोठा प्रश्न तपासला गेला आणि तो तपासणाऱ्यांच्या अग्रभागी एक मराठी माणूस होता. जीवसृष्टी पृथ्वीवरच जन्मली, की जीवाणू धूमकेतूंच्या धुळीबरोबर बाहेरून इथे आले? फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे दुसरी शक्यता हिरिरीने मांडत. हॉईल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी ती वादात न अडकवता प्रयोगाला लावली. जमिनीवरचे जीवाणू एरवी जिथे पोहोचू नयेत इतक्या उंचीवरची हवा आणायची आणि तिच्यात कोणी जिवंत आहे का ते बघायचं. पहिला प्रयत्न २००१ साली झाला. दुसरा २० एप्रिल २००५ रोजी, इस्रोच्या पाठबळाने. निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये थंड करून वर पाठवल्या. २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात त्या टप्प्याटप्प्याने उघडल्या, हवा आत शिरली, नळ्या बंद झाल्या आणि पॅराशूटने खाली आल्या. मग हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, अशा दोन ठिकाणी त्यांची तपासणी झाली. एकाच ठिकाणी चूक राहून जाऊ नये म्हणून ही खबरदारी.

जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जीवाणू तोवर माहीत नसलेल्या जातींचे निघाले. एकाला हॉईल यांचं नाव मिळालं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. २००९ साली इस्रोने हे जाहीर केलं तेव्हा सोबत स्पष्ट सांगितलं, की हे जीवाणू परग्रहावरून आले असं यातून सिद्ध होत नाही. ज्या माणसाला ‘हो, आले’ म्हणायला मनापासून आवडलं असतं, त्याच्याच प्रयोगाची ही घोषणा होती. लोकांना विज्ञान सांगणाऱ्यात हा संयम हवाच हवा. पुरावा जिथपर्यंत जातो तिथपर्यंत जायचं आणि थांबल्यावर ‘इथे थांबलो’ असं सांगायचं.

नारळीकर ग्रहशास्त्रज्ञ नव्हते, त्यांचा मूळ विषय विश्वरचनाशास्त्र. तरी या लेखात ते येणारच, कारण शास्त्रज्ञाच्या लोकांशी बोलण्याच्या कामाला मान कसा द्यावा, हा प्रश्न आपल्याकडे त्यांच्या आयुष्यातून सगळ्यांत नीट दिसतो. पण त्याआधी अमेरिकेतल्या एका ग्रहशास्त्रज्ञाची गोष्ट सांगायला हवी.

कार्ल सेगन हे नाव बहुतेकांना ‘कॉसमॉस’ या १९८०च्या तेरा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे माहीत असतं. ते मुळात कामाचे ग्रहशास्त्रज्ञ होते. शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या तीव्र का, याचा उलगडा त्यांनी १९६०च्या सुमारास मांडला: शुक्राच्या दाट वातावरणात उष्णता कोंडली जाते आणि जमीन भट्टीसारखी तापते. यानांनी पुढे ते खरं ठरवलं. तिथलं तापमान ४६० अंश सेल्सियसच्या वर आहे. मंगळावर ऋतूंप्रमाणे पसरणारे आणि ओसरणारे काळे डाग म्हणजे वनस्पती असावी, असं पूर्वी काही जणांना वाटे. ती वाऱ्याने सरकणारी धूळ आहे, हे सेगन आणि जेम्स पोलॅक यांनी दाखवलं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचा फोटो घेतला, एका ठिपक्याएवढा. त्यामागचा आग्रहही सेगन यांचाच.

इतकं करून १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत सदस्यत्वासाठी त्यांचं नाव आलं तेव्हा ते नाकारलं गेलं. जो माणूस टीव्हीवर दिसतो, ज्याची पुस्तकं लाखांनी खपतात, त्याचं संशोधन उथळच असणार, हा समज तेव्हाच्या अनेक मोठ्या शास्त्रज्ञांच्या मनात खोल बसलेला होता. सेगन यांचे शोधनिबंध शेकड्यांनी मोजावे लागतात. ते मोजायला बसलं असतं तर हा समज टिकला नसता. दोन वर्षांनी, १९९४ साली, त्याच अकादमीने त्यांना लोककल्याणासाठीचं आपलं पदक दिलं. म्हणजे आमच्यात बसायला नको, पण लोकांसाठी केलंत ते चांगलं. मला यात न्याय अर्धाच झालेला दिसतो. २० डिसेंबर १९९६ रोजी सेगन गेले.

पुढचं पाऊल त्यांच्या थेट सहकाऱ्यांनी, ग्रहशास्त्रज्ञांनी, उचललं. अमेरिकन खगोल संस्थेच्या ग्रहविज्ञान विभागाने सेगन गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या नावाचं पदक सुरू केलं. हे पदक पत्रकाराला, लेखकाला किंवा नुसत्या वक्त्याला मिळत नाही. ते मिळतं स्वतः संशोधनात कार्यरत असलेल्या आणि तरीही सामान्य माणसाशी उत्तम बोलणाऱ्या ग्रहशास्त्रज्ञाला. देणारेही त्याच व्यवसायातले. म्हणजे ज्या बिरादरीने एकेकाळी लोकांशी बोलण्याबद्दल माणसाला कमी लेखलं, तिनेच जाहीर केलं की हे आमच्याच कामाचं अंग आहे. या पदकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

मानकऱ्यांकडे पाहिलं की मुद्दा पटतो. पहिले विल्यम हार्टमन. पृथ्वीवर एक मोठा गोळा आदळून उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, हा आज बहुतेकांना मान्य असलेला विचार त्यांनी डोनाल्ड डेव्हिस यांच्यासोबत १९७५ साली मांडला. आणि हेच हार्टमन ग्रहांवरच्या देखाव्यांची चित्रं रंगवत, पुस्तकं लिहीत. २००२च्या मानकरी हायडी हॅमेल. जुलै १९९४मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा हबल दुर्बिणीतून त्याची छायाचित्रं घेणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. पृथ्वी मावेल एवढे काळे डाग गुरूवर उमटले होते आणि ते साध्या दुर्बिणीतूनही दिसत होते. हॅमेल यांनी तेव्हा ज्या उत्साहाने लोकांना ते समजावलं, तो उत्साह त्यांच्या मोजमापातूनच आलेला होता. २०१०मध्ये शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या छायाचित्रण गटाच्या प्रमुख कॅरोलिन पोर्को यांना हे पदक मिळालं, २०१४मध्ये उल्का-पाषाणांचे अभ्यासक आणि व्हॅटिकन वेधशाळेतले धर्मबंधू गाय कॉन्सोलमॅग्नो यांना.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. कोकणातल्या मुरूड गावचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. १८९०च्या दशकात त्यांनी रात्रीचं आकाश सामान्य वाचकाला कळावं म्हणून ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आजही अभ्यासकांना लागणारा ग्रंथ दिला. एकाच हाताने दोन्ही लिहिलं. संशोधन इकडे आणि लोकांसाठीचं लेखन तिकडे, अशी वाटणी त्यांच्या मनात नसावी असं त्यांची पुस्तकं पाहून वाटतं. दीक्षित १८९८ साली, पंचेचाळिशीत गेले.

नारळीकरांनी ही वाटणी मोडली ती ठरवून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं, परीक्षकांनी नाव बघून नव्हे, कथा वाचून ठरवावं म्हणून. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते, १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळालेलं होतं. लोकांसाठी लिहिणं हीसुद्धा कसोटीला लावायची गोष्ट आहे, असं मानणाऱ्या माणसालाच हे सुचतं.

स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न विचारायचा तर आधी विचार करावा लागतो, आणि पोस्टकार्ड खेड्यातल्या मुलालाही परवडतं. १९८८ साली पुण्यात त्यांनी उभारलेल्या ‘आयुका’त विश्वाच्या उत्पत्तीवर काम करणारे संशोधक आणि शाळेची मुलं एकाच आवारात दिसत, कारण मुलांसाठीची व्याख्यानं हा संस्थेच्या कामाचा भाग होता. फलज्योतिषाबद्दल नुसतं मत देण्याऐवजी २००८ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश आलं ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. हे वाचकाला कळायला गणिताची पदवी लागत नाही.

१९९६ साली युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना मिळाला. ओडिशाच्या बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेला हा पुरस्कार विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीच दिला जातो आणि १९५२ साली त्याचे पहिले मानकरी होते नोबेल विजेते लुई द ब्रॉयली. मराठी समाजानेही नारळीकरांना भरभरून दिलं. २०१४ साली आत्मचरित्राला साहित्य अकादमी, २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. पण एवढा मान एका उत्तुंग माणसाला मिळाला. त्याच्या खालच्या पायरीवर, जिल्ह्या-तालुक्यात हेच काम करणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि आमच्या मराठवाड्याला तर असं सांगणाऱ्याची गरज फार आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर घरं कोसळली आणि हजारो माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन, अशी तोवर समजूत होती. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीला धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. भूकंपानंतर तिथे खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या बेसाल्टखाली अतिप्राचीन पट्टिताश्म लागला. उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय भूपट्टाचा ताण पोटातल्या जुन्या भेगांवर साचत जातो आणि केव्हातरी सुटतो. माणसं मारली ती मात्र दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. हे सगळं शास्त्रज्ञांच्या निबंधांत आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याला ते त्याच्या भाषेत सांगितलं गेलं, तरच त्याचा उपयोग.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडची माणसं रस्त्यावर आली. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. आता ही माहिती शेजारी ठेवून बघा: मंगळावर उतरलेल्या ‘इनसाइट’ यानाने २०१८ ते २०२२ या काळात तेराशेंहून जास्त हादरे नोंदवले आणि त्यांतला सर्वांत मोठा, ४ मे २०२२चा, ४.७ तीव्रतेचा होता. म्हणजे नांदेडकरांनी अनुभवला साधारण तेवढाच. मंगळावर पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट नाहीत, तरी तो हलतो, कारण तो आतून निवत आणि आकसत चालला आहे. भूकंप हा कोपही नव्हे आणि आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेला शापही नव्हे, तो ग्रहाच्या पोटातला व्यवहार आहे, हे घाबरलेल्या माणसाला सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या पायाखालचा दगडही असाच बोलता करता येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून झालेला बेसाल्ट झिजला आणि त्याची काळी कसदार जमीन झाली. पौर्णिमेच्या चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच, मंगळाचा बराच भाग बेसाल्टचाच. म्हणून तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना ओढून आणतं: बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, चांगलं टिकलेलं विवर. त्याचं वय एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतं, दुसरीने पावणेसहा लाख. हा वाद मुलांपुढे मांडला तर विज्ञान कसं चालतं ते एका तासात कळेल. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर काय सापडलं ते किती जणांपर्यंत पोहोचलं? उतरल्या जागेची माती बेसाल्टची नाही, फिकट अनॉर्थोसाइटची आहे. म्हणजे चंद्र कोवळा असताना त्याचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच झालं, या कल्पनेला बळ मिळालं. वर पन्नास-साठ अंश तापलेली ही माती जेमतेम आठ सेंटिमीटर खाली शून्याच्याही दहा अंश खाली होती.

लातूर पॅटर्नने या भागातल्या मुलांना गुण मिळवायला शिकवलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. शेतकऱ्याची, मजुराची मुलं त्यामुळे डॉक्टर, इंजिनिअर झाली. पण मुक्तिवेगाचं सूत्र पाठ असलेल्या कितीतरी मुलांनी शनीची कडी दुर्बिणीतून एकदाही पाहिलेली नाही. ती दाखवणारे शिक्षक आहेत. स्वतःच्या पैशाने दुर्बीण घेतात, ग्रहणाच्या दिवशी गावात जातात, वर्तमानपत्रात मराठीत लिहितात. बढतीच्या फाइलीत शोधनिबंध मोजला जातो. या कामाची जागा छंदाच्या रकान्यात असते. शाल-श्रीफळ मिळतं, तासिकेतली सूट मिळत नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचं स्वतंत्र संकुल आहे, लातूरला उपकेंद्र आहे, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्या कक्षेत आहेत. या विद्यापीठाने कार्यरत संशोधक-शिक्षकासाठी ग्रहविज्ञान आणि भूविज्ञान लोकांपर्यंत नेण्याबद्दल एक वार्षिक सन्मान सुरू करावा. निवड त्याच विषयाच्या अभ्यासकांनी करावी, सोबत एका सत्राची मोकळीक आणि गावोगाव फिरण्याचा खर्च द्यावा, आणि मराठीतला चांगला लेख, चांगलं व्याख्यान बढतीच्या मोजणीत धरावं. सेगन पदकाने दाखवलेली वाट हीच आहे आणि तिला फार पैसा लागत नाही. वाचकांनीही आपल्या तालुक्यातल्या अशा एका सरांचं किंवा बाईंचं नाव, त्यांनी काय केलं याच्या चार ओळींसह, विद्यापीठाला लिहून कळवावं. येत्या २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाआधी अशी पत्रं पोहोचली, तर अधिकार मंडळांना हा विषय घ्यावाच लागेल.